घरात, वाड्यावर आणि फेस्ताच्या समितीत: बायबलमधील नेतृत्व आचरणात कसे आणावे

बायबलमधील नेतृत्वाविषयी बोलताना मोशे, दावीद, नहेम्या आणि पौल यांच्या गुणांची यादी करण्याची पद्धत पडून गेली आहे: धैर्य, दूरदृष्टी, नम्रता, चिकाटी. अशी यादी सर्वांना पटते, परंतु तिच्यामुळे कोणाचे वागणे बदललेले दिसत नाही, कारण ती आपल्या घरातील, वाड्यावरील (वस्तीतील) किंवा कामाच्या ठिकाणच्या कोणत्याही एका माणसाशी जोडलेली नसते. गोव्यात चर्चच्या कामात, फेस्ताच्या (चर्चच्या वार्षिक उत्सवाच्या) तयारीत आणि घरच्या कारभारात वावरणाऱ्या सामान्य ख्रिस्ती स्त्री-पुरुषांना उपयोगी पडावी अशी वाचनाची आणि आचरणाची एक रीत येथे मांडली आहे. तिच्या मुळाशी एकच आग्रह आहे. नेत्याच्या हाताखालील दुबळ्या माणसाच्या वाट्याला काय आले, यावरून शास्त्रात त्या नेत्याची पारख होते. म्हणून शास्त्र वाचताना आणि स्वतःकडे पाहताना आपणही तेथूनच सुरुवात करावी.

सर्वांत आधी आपण कोणाचे नेते आहोत हे ठरवावे लागते. आपल्याकडे कोणतेही पद नाही, तेव्हा हा विषय विगारांचा (चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंचा), कोंफ्रारीच्या (चर्चमधील बंधुमंडळाच्या) पदाधिकाऱ्यांचा किंवा पंचायतीच्या सभासदांचा आहे, असे समजणारे पुष्कळ असतात. पण ज्या घरातील पुरुष तारवटी म्हणून महिनोन् महिने जहाजावर असतो, त्या घरात मुलांच्या शाळेपासून छपराच्या दुरुस्तीपर्यंतचे सगळे निर्णय एकटी पत्नी घेत असते, आणि तिच्या हातातील अधिकार एखाद्या समितीच्या अध्यक्षापेक्षा मोठा असतो. एका कागदावर अशा माणसांची नावे लिहावीत, ज्यांची मजुरी, वेळ, मान किंवा मनःशांती आपल्या निर्णयांवर अवलंबून आहे. घरकामाला येणारी बाई, हंगामापुरता शॅकवर (समुद्रकिनाऱ्यावरील उपाहारगृहात) काम करायला आलेला परप्रांतीय मुलगा, अंथरुणाला खिळलेली सासू, लहान ख्रिस्ती समुदायाच्या (शेजारच्या कुटुंबांच्या चर्चगटाच्या) बैठकीत कधीही न बोलणारा शेजारी, ऑफिसात नव्याने लागलेली मुलगी. पदांची नावे लिहू नयेत, माणसांची लिहावीत. आणि यादी पाच-सहा नावांपलीकडे वाढू देऊ नये, कारण लांब यादी पुन्हा गुणांच्या यादीसारखीच निरुपयोगी होते.

त्यानंतर महिनाभरासाठी एकच उतारा घ्यावा आणि तो पूर्ण अध्यायासह वाचावा. वाचताना आपण नकळत कथेतील भल्या माणसाच्या जागी स्वतःला बसवतो. ही सवय मोडण्याचा सोपा मार्ग असा की, कथेत अधिकार ज्याच्या हाती आहे त्याच्या जागी बसून वाचावे, मग तो मनुष्य भला असो वा नसो. 2 शमुवेलाच्या बाराव्या अध्यायात नाथान संदेष्टा दावीद राजाला गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो, आणि ती ऐकून दावीद संतापतो, पण तो श्रीमंत आपणच आहोत हे नाथानाने तोंडावर सांगेपर्यंत त्याच्या ध्यानात येत नाही. स्तोत्रे रचणाऱ्या राजाची ही गत असेल, तर एकट्याने वाचून आपल्याला आपला दोष दिसेल असे धरून चालता येत नाही. म्हणून वाचनाला निदान एक जण असा हवा, जो आपल्याला घाबरत नाही. नवरा-बायकोने एकत्र वाचणे चांगलेच, पण सोळा-सतरा वर्षांची मुले घरात असतील तर त्यांना सोबत घेतल्याने वाचन अधिक खरे होते.

उतारा कोणता घ्यावा, हे आपल्यापुढे कोणता प्रश्न उभा आहे त्यावरून ठरवावे. बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न तक्रारीचा असतो, आणि त्यासाठी प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातील पहिल्या सात ओव्या (वचने) इतका नेमका मजकूर दुसरा नाही. यरुशलेममधील मंडळी वाढत होती आणि विधवांना रोज अन्नवाटप होत असे. ग्रीक बोलणाऱ्या विश्वासणाऱ्यांनी कुरकुर केली की, त्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. बारा प्रेषितांनी या वेळी काय केले नाही, हे आधी पाहावे. आमच्या हेतूंवर संशय घेता काय, असे त्यांनी विचारले नाही. कुरकुर करणाऱ्यांची श्रद्धा कमी आहे असे ठरवले नाही. वाटपाचे काम आपल्याच विश्वासू माणसांकडे ठेवून फक्त गोड शब्दांनी समजूतही घातली नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले, आपल्याला हे काम झेपत नाही हे मोकळेपणाने मान्य केले, आणि सात माणसे निवडण्याचे काम मंडळीवर सोपवले. निवडलेल्या सातांची नावे स्तेफन, फिलिप्प, निकानोर अशी सर्वच्या सर्व ग्रीक आहेत. यावरून असे दिसते की, ज्या गटाची तक्रार होती त्या गटाच्या हातीच वाटपाची सूत्रे गेली, आणि प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली.

आपल्या फिरगजीत (पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या क्षेत्रात) याला समांतर प्रसंग शोधायला दूर जावे लागत नाही. खुरसाच्या (वाड्यावरील क्रुसाच्या) फेस्ताची वर्गणी सर्वांकडून घेतली जाते, पण लदिन (सामूहिक गायनप्रार्थना) कोणाच्या दारापासून सुरू व्हावी हे दोन-तीन जुनी घराणीच ठरवतात. कर्नाटकातून, झारखंडातून किंवा महाराष्ट्रातून येऊन स्थिरावलेली ख्रिस्ती कुटुंबे दर रविवारी मागच्या बाकांवर बसतात, आणि वाचनासाठी त्यांच्यातील कोणाला कधी पुढे बोलावले जात नाही. अशी तक्रार कानावर आली की, समितीवरील माणसाने आठवड्याच्या आत एवढे करावे. तक्रार मध्यस्थाकडून न ऐकता ज्याची आहे त्याच्या घरी जाऊन ऐकावी; ती त्याच्याच शब्दांत लिहून त्याला वाचून दाखवावी आणि बरोबर लिहिली का असे विचारावे; आणि ज्या कामाविषयी तक्रार आहे त्या कामात त्या कुटुंबातील किंवा त्या गटातील एकाला निर्णयाच्या अधिकारासह घ्यावे. तिसरी गोष्ट बहुतेक वेळा टाळली जाते. खुर्च्या मांडायला नवीन माणसे हवी असतात, पण पैसे कोठे खर्च करायचे हे ठरवताना ती आठवत नाहीत. प्रेषितांनी मेहनतीबरोबर अधिकारही दिला, आणि माझ्या मते या उताऱ्याचे सगळे सार त्यात आहे.

याच्या जोडीला 1 राजे, अध्याय 12 वाचावा. शलमोनाचा मुलगा रहबाम गादीवर बसायला शखेमास गेला, तेव्हा लोकांनी बापाने लादलेले ओझे हलके करण्याची विनंती केली. त्याने तीन दिवसांची मुदत मागितली आणि वडीलधाऱ्यांचा सल्लाही घेतला. आज तुम्ही या लोकांचे सेवक झालात तर ते कायमचे तुमचे सेवक होतील, अशा अर्थाचा तो सल्ला होता. मग बरोबर वाढलेल्या मित्रांना विचारून त्याने त्यांचेच ऐकले, लोकांना आणखी कठोर उत्तर दिले, आणि दहा वंश त्याच्यापासून तुटले. रहबामाने सल्ला विचारला नव्हता असे कोणी म्हणू शकत नाही. बैठक घेणे, सर्वांना बोलू देणे आणि शेवटी आधीच ठरवलेले करणे, ही आपल्या समित्यांतील नित्याची रीत त्याच्याच वाटेने जाते.

दोन माणसांमधील तंट्यासाठी मत्तय 18:15 ते 17 या ओव्या सर्वांना ठाऊक असतात: आधी एकट्याने जाऊन बोलावे, मग एक-दोघांना सोबत न्यावे, आणि त्यानंतरच मंडळीपुढे जावे. आज व्हॉट्सॲपच्या गटावर हा क्रम नेमका उलटा होतो, म्हणून कोणाविरुद्ध गटावर लिहिण्याआधी त्याला फोन केला आहे का, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारण्याचा नेम ठेवावा. मात्र या ओव्या गुन्हे आपापसात मिटवण्यासाठी नाहीत, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. मुलांचे लैंगिक शोषण झाल्याचे कळले किंवा तसा संशय आला तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि अशा वेळी शांततेच्या नावाखाली पीडिताला गप्प बसवणारा माणूस शास्त्राचा आधार घेऊ शकत नाही.

पैशाच्या बाबतीत शास्त्र अतिशय व्यवहारी आहे. 1 शमुवेलाच्या बाराव्या अध्यायात म्हातारा शमुवेल सर्व लोकांसमोर उभा राहून विचारतो की, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाकडून लाच घेतली; असेल तर सांगा, मी परत करतो. 2 करिंथकरांच्या आठव्या अध्यायात पौल यरुशलेममधील गरिबांसाठी जमवलेली वर्गणी तीताबरोबर मंडळ्यांनी नेमलेल्या आणखी एका बंधूच्या हाती पाठवतो आणि कारणही देतो: या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी बोट दाखवू नये, आणि जे चांगले आहे ते प्रभूच्या दृष्टीने तसेच माणसांच्या दृष्टीनेही चांगले दिसावे. पौलाला स्वतःच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नव्हती, तरीही त्याने दुसरा साक्षीदार ठेवला. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कॅनन कायद्यातही प्रत्येक पॅरिशला अर्थविषयक मंडळ असावे असे कलम 537 सांगते, आणि श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशोब त्यांना द्यावा असे कलम 1287 मध्ये आहे. तेव्हा ज्याच्याकडे कपेलच्या (लहान प्रार्थनामंदिराच्या) फेस्ताचे प्रेजिदेंतपण (यजमानपद) येते, त्याने पैसे नेहमी दोघांनी मोजण्याची, प्रत्येक देणगीची पावती फाडण्याची आणि फेस्त संपल्यावर महिन्याच्या आत जमाखर्च दारावरील फलकावर लावण्याची व्यवस्था पहिल्याच बैठकीत करून घ्यावी. कोणी विचारल्यावर हिशोब दाखवणे आणि न विचारता दाखवणे यांत फार अंतर आहे, कारण विचारण्याचे धाडस सहसा गरीब माणसाला होत नाही.

मजुरीचा प्रश्न याहून जवळचा आहे. अनुवाद 24:14 आणि 15 मध्ये गरीब मजुराची मजुरी, तो आपला असो किंवा परका, त्याच दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी अशी आज्ञा आहे, आणि कारण दिले आहे की त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते. गोव्यात हॉटेल, शॅक, बांधकाम आणि घरकाम या सर्वच ठिकाणी ख्रिस्ती मालक आहेत, आणि हंगाम संपेपर्यंत पगाराचा काही भाग अडकवून ठेवणे म्हणजे कामगार पळून जाऊ नये यासाठीची साधी खबरदारी आहे, असे काहींना वाटते. ज्या मालकाला बायबलमधील नेतृत्व आचरणात आणायचे आहे, त्याने दुसरा कोणताही अध्याय उघडण्याआधी ही पद्धत बंद करावी. नहेम्याचे पुस्तक लोक यरुशलेमचा तट बावन्न दिवसांत पूर्ण झाल्याच्या पराक्रमासाठी वाचतात, पण त्यातील पाचवा अध्याय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काम ऐन रंगात असताना गरिबांनी आक्रोश केला की, शेते आणि द्राक्षमळे गहाण पडले आहेत आणि मुले गुलामीत जात आहेत. नहेम्याने श्रीमंतांना जाब विचारला, आणि त्याच वेळी आपण व आपले भाऊही लोकांना पैसे व धान्य कर्जाऊ देत आहोत हे सर्वांसमोर बोलून दाखवले. मगच, आपण सर्वांनी व्याज घेणे सोडू या, असे तो म्हणाला. अधिकारी म्हणून मिळणारा अन्नाचा भत्ताही त्याने बारा वर्षे घेतला नाही.

आता ओझे वाटून देण्याविषयी. निर्गम, अध्याय 18 मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसतो, आणि त्याचा सासरा इथ्रो, जो मिद्यानाचा याजक होता म्हणजे इस्राएली नव्हता, आधी पूर्ण दिवस पाहतो आणि मग सांगतो की तू करतोस ते ठीक नाही. तूही थकशील आणि हे लोकही थकतील. देवाला भिणारी, सत्यप्रिय आणि लाचेचा तिटकारा असलेली माणसे निवडून त्यांना हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नेमण्याचा सल्ला तो देतो. येथे थकणाऱ्या लोकांकडे लक्ष द्यावे, कारण सगळे एकटीने करणारी आई किंवा सगळे एकट्याने करणारा समन्वयक स्वतःच्या थकव्याविषयी बोलतो, पण त्याच्या दारात ताटकळणाऱ्यांचा थकवा त्याला दिसत नाही. एक काम निवडावे, ते निर्णयासह दुसऱ्याला द्यावे आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत त्यात हात घालू नये. घरात हे काम महिन्याच्या बाजाराचे असू शकते, समुदायात येशूजन्माच्या भेटींचे.

गोव्याच्याच मातीतील उदाहरण हवे असेल तर संत जोसेफ वाझ यांचे घ्यावे. 1651 मध्ये बाणावलीला जन्मलेले फादर वाझ 1687 मध्ये मजुराच्या वेशात श्रीलंकेत पोहोचले, कारण डचांच्या ताब्यातील भागात कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. कँडीत त्यांना कैद सोसावी लागली, आणि 1697 मध्ये तेथे देवीची साथ आली तेव्हा लोकांनी सोडून दिलेल्या रुग्णांची त्यांनी सेवा केली. 1705 मध्ये दिवाडी बेटावरचे फादर जाकोम गोन्साल्विस त्यांच्या मदतीला आले, तेव्हा वाझ यांनी सिंहली भाषा शिकून तिच्यात लिहिण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली, आणि पुढे गोन्साल्विस यांनी सिंहली व तमिळ भाषांत विपुल ख्रिस्ती साहित्य निर्माण केले. 1711 मध्ये वाझ यांचे निधन झाले, तरी काम थांबले नाही. 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. त्यांच्या नावाने नोवेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करणाऱ्या प्रत्येक समितीने आपल्यातील तरुणाला असे कोणते पूर्ण काम सोपवले आहे, हे त्या नोवेनाच्या दिवसांत तपासून पाहावे. आणि तरुणांनी न विचारता काही सुरू केले तर गणना, अध्याय 11 काढावा. एलदाद आणि मेदाद छावणीतच संदेश देऊ लागले तेव्हा यहोशवा त्यांना थांबवा म्हणाला, आणि मोशेने उत्तर दिले की, परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे झाले तर किती बरे होईल.

गोव्यातील ख्रिस्ती घरांत नेतृत्वाची खरी कसोटी अनेकदा वडिलोपार्जित घराच्या वाटणीत लागते. येथील वारसा कायद्याने, 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या काळापासून, मुलगा आणि मुलगी यांना सारखा हिस्सा आहे, आणि इन्व्हेंटरीचे (वारसांमधील वाटणीचे) दावे वर्षानुवर्षे चालतात. अशा घरात थोरल्याने उत्पत्ति, अध्याय 13 वाचावा. अब्राहाम आणि लोट यांच्या गुराख्यांमध्ये भांडणे होऊ लागली, तेव्हा वयाने, नात्याने आणि मानाने मोठा असलेला अब्राहाम पुतण्याला म्हणाला की आधी तू निवड. तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जातो. लोटाने पाणथळ, सुपीक यार्देनेची तळवट निवडली आणि अब्राहामाने ते होऊ दिले. या कथेचा उपयोग ज्याचा हात वर आहे त्याने स्वतःसाठी करावा. किल्ली ज्याच्याकडे आहे, कागदपत्रे ज्याच्या कपाटात आहेत, त्याने बाकीच्यांना आधी निवडू द्यावे. निदान कागदपत्रांच्या प्रती सर्व भावंडांना एकाच दिवशी द्याव्यात. विधवा भावजयीला किंवा लग्न होऊन गेलेल्या बहिणीला हीच कथा सांगून हक्क सोडल्याच्या दस्तावर सही करायला लावणे म्हणजे कथा पूर्ण उलटी करणे होय, कारण तेथे सोडणारा बलवान होता.

शास्त्र असे उलटे लावण्याचे आणखी एक उदाहरण वारंवार ऐकू येते. कोणी नेत्याला प्रश्न विचारला की, परमेश्वराच्या अभिषिक्तावर हात टाकू नये, हे वचन त्याच्या तोंडावर फेकले जाते. 1 शमुवेलाचा चोविसावा अध्याय पूर्ण वाचला तर दिसते की, दावीदाने शौलावर हात टाकला नाही हे खरे, पण त्याच अध्यायात तो गुहेबाहेर येऊन मोठ्याने शौलाला हाक मारतो, त्याचा अन्याय त्याच्यापुढे मांडतो आणि परमेश्वरच आपल्या दोघांचा न्याय करो असे म्हणतो. हिंसा न करणे आणि गप्प बसणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

महिन्याच्या शेवटी, सुरुवातीला लिहिलेल्या यादीतील एका माणसाकडे जावे आणि एकच प्रश्न विचारावा: या महिन्यात माझ्यामुळे तुमचे कोणते काम जड झाले? प्रश्न चारचौघांत विचारू नये, आणि पगाराच्या किंवा रजेच्या मागणीच्या दिवशी तर मुळीच विचारू नये, कारण त्या दिवशी खरे उत्तर देणे समोरच्याला परवडत नाही. पहिल्या वेळी बहुधा काही नाही असेच उत्तर येईल. पुढील महिन्यात पुन्हा विचारावे. उत्तर कडू आले तर जागच्या जागी खुलासा देऊ नये. घरी येऊन ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहावे, सोबत वाचणाऱ्याला दाखवावे, आणि पुढच्या महिन्याचा उतारा त्या उत्तरावरून निवडावा.